तराजूपासून वर्णमापकापर्यंत : पेण-रोहे परिसरातील रसायनशाळेची वाटचाल

रसायनशास्त्र हे केवळ पाठांतराने येणारे शास्त्र नव्हे. चंचुपात्रातील द्रावणाचा रंग कोणत्या थेंबाला पालटतो, साका केव्हा पूर्णपणे खाली बसतो, तराजूचा काटा कोठे स्थिरावतो, हे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले त्यालाच ते शास्त्र खऱ्या अर्थाने आत्मसात होते. यास्तव एखाद्या भागात रसायनशास्त्राचे शिक्षण केव्हा पोहोचले, हे तेथे पाठ्यपुस्तके केव्हा आली यावरून ठरत नाही. तेथे सुसज्ज प्रयोगशाळा केव्हा उभी राहिली, यावरून ते ठरते. या दृष्टीने पेण आणि रोहे या दोन तालुक्यांचा इतिहास उद्बोधक आहे.

प्रयोगशाळा दूर होती तो काळ

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुलाबा जिल्ह्यातील विद्यार्थ्याला विज्ञानाचे उच्च शिक्षण घ्यावयाचे तर मुंबई, पुणे किंवा बडोदे गाठावे लागे. पेणच्या विद्यार्थ्याचा मार्ग धरमतरच्या बंदरातून बोटीने मुंबईला जाई. मुंबईत विल्सन महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणारे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी १९०० च्या सुमारास स्वतःची तंत्र-रासायनिक प्रयोगशाळा स्थापन केली होती. राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यावरील काळे डाग रासायनिक क्रियेने काढून दाखविल्यामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले होते. पुढे १९११ मध्ये पायाभरणी झालेल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची वास्तू १९२० मध्ये पूर्ण झाली. या संस्थेच्या उभारणीस पारशी, ज्यू, मुसलमान व जैन अशा सर्व समाजांतील दानशूरांचा हातभार लागला. त्यांतील सर वसनजी त्रिकमजी मुळजी हे कच्छी दशा ओसवाल जैन समाजाचे होते व संस्थेचे विज्ञान ग्रंथालय त्यांच्या देणगीशी निगडित आहे, ही गोष्ट समाजबांधवांनी आवर्जून ध्यानी ठेवावी अशी आहे.

या काळातील दोन उदाहरणे याच परिसरातील आहेत. पेण तालुक्यातील गागोदे हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. त्यांचे वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास राहत आणि कापड रंगविण्याच्या रसायनविद्येचा त्यांना ध्यास होता. गागोद्याच्या गृहस्थास रंगद्रव्यांचा अभ्यास करण्यासाठी बडोदे जवळ करावे लागले! दुसरे उदाहरण डॉ. चिंतामणराव देशमुख यांचे. १८९६ मध्ये नाते येथे जन्मलेल्या आणि रोह्यात बालपण घालविलेल्या चिंतामणरावांनी १९१७ मध्ये केंब्रिज येथे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन निसर्गविज्ञानाची ट्रायपॉस परीक्षा दिली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री म्हणून ते सर्वांस परिचित आहेत. परंतु त्यांची मूळ बैठक विज्ञानाच्या विद्यार्थ्याची होती, हे क्वचितच सांगितले जाते.

अनुदान आणि महाविद्यालये

मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा त्याग केल्यानंतर १९५६ मध्ये चिंतामणराव विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. देशभरातील महाविद्यालयांना ग्रंथालये, वसतिगृहे व प्रयोगशाळा यांसाठी साहाय्य देणारी ही यंत्रणा तिच्या घडणीच्या काळात रोह्याच्या या सुपुत्राच्या हाती होती. अशा अनुदानात पुष्कळदा आयोगाचा एक वाटा आणि संस्थेचा दुसरा वाटा असे. म्हणजे सरकारी मदत मिळण्यासाठीही गावातील दात्याने पुढे यावे लागे.

१९६० च्या दशकाच्या प्रारंभी अलिबाग व महाड येथे महाविद्यालये निघाली आणि जिल्ह्यातच उच्च शिक्षणाची सोय होऊ लागली. पुढे पेण एज्युकेशन सोसायटीच्या भाऊसाहेब नेने महाविद्यालयाच्या रूपाने कला व वाणिज्य यांच्या जोडीला विज्ञान शाखा पेण शहरात आली. रोह्यात चिंतामणरावांचे नाव धारण करणारे महाविद्यालय उभे राहिले ते मात्र वाणिज्य शाखेचे. याचे कारण उघड आहे. वाणिज्याच्या वर्गास फळा व बाके पुरतात. विज्ञानाच्या वर्गास पाणी, वायू, वीज, काचसामान, रसायने आणि ती सांभाळणारी माणसे लागतात.

जुन्या प्रयोगशाळेचे स्वरूप

त्या पिढीच्या पदवी प्रयोगशाळेतील सर्वांत मानाची वस्तू म्हणजे काचेच्या पेटीतील दोन पारड्यांचा रासायनिक तराजू. ग्रॅमच्या दहाहजाराव्या भागापर्यंत वजन दाखविणारा हा तराजू वाऱ्याच्या झुळुकीनेही विचलित होई. वजने बोटांनी न उचलता चिमट्याने उचलावी लागत, कारण बोटांचा घामही वजनात भर घाली. एका वजनास बराच वेळ लागे, परंतु त्या वेळात विद्यार्थी संयम शिके.

दुसरी वस्तू म्हणजे किप यांचे उपकरण. डच औषधविक्रेते पेट्रुस किप यांनी १८४४ च्या सुमारास योजिलेल्या या तीन गोलांच्या काचपात्रातून हायड्रोजन सल्फाइड वायू मिळे. कुजलेल्या अंड्यासारख्या त्याच्या वासामुळे रसायनशाळा इमारतीत कोठे आहे हे नवख्यासही विचारावे लागत नसे. हा वायू विषारी असल्याने धूर बाहेर नेणारे कपाट आवश्यक असे. पुढे अल्प प्रमाणात द्रव्ये घेऊन परीक्षण करण्याच्या पद्धती रूढ झाल्या. त्यामुळे खर्च घटला आणि धोकाही.

काचसामानाची कथाही अशीच. उष्णतेने न तडकणारी बोरोसिलिकेट काच पूर्वी परदेशातून येई. मुंबईत १९६२ मध्ये बोरोसिलची स्थापना झाल्यानंतर अशी काच देशातच तयार होऊ लागली. ब्युरेट, पिपेट व शंकुपात्र ही साधने लहान गावातील महाविद्यालयाच्या आवाक्यात आली.

त्यानंतर विजेवर चालणारी उपकरणे आली. १९३४ मध्ये अमेरिकेत आर्नल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी बनविलेला पीएच मापक, द्रावणाची विद्युत्‌वाहकता मोजणारा वाहकतामापक, विभवमापक आणि रंगाच्या गडदपणावरून द्रव्याचे प्रमाण सांगणारा वर्णमापक, ही उपकरणे पदवी अभ्यासक्रमाचा भाग झाली. दोन पारड्यांच्या तराजूची जागा अंक दाखविणाऱ्या इलेक्ट्रॉनिक तराजूने घेतली.

कारखान्यांच्या सावलीत

हे सर्व घडत असताना जिल्ह्याचे रूपही पालटत होते. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या कारखान्यामुळे रसायनी हे गावच त्या विद्येच्या नावाने ओळखले जाऊ लागले. रोह्याजवळ धाटाव येथे कुंडलिका नदीच्या पाण्यावर रासायनिक उद्योगांची वसाहत वसली. १९८० च्या दशकात थळचा खत प्रकल्प आणि त्यानंतर नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प उभा राहिला. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्याच दशकात पेणमार्गे रोह्यापर्यंत रेल्वेही आली.

या कारखान्यांच्या दारात स्थानिक तरुण उभा राहिला तेव्हा त्याच्या पदवीइतकेच त्याच्या हाताला महत्त्व आले. कच्च्या मालाची शुद्धता, आर्द्रता, वितळणबिंदू ही तपासणी कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज चालते. ज्याने महाविद्यालयात अनुमापन स्वतः केले तो तेथे विश्लेषक म्हणून बसू शकतो. ज्याने दुसऱ्याच्या वहीतून निरीक्षणे उतरवून घेतली, तो पदवी असूनही मागे पडतो. उद्योगही शाश्वत नसतात. रसायनीच्या त्याच कारखान्यातील तोट्यातील विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ मध्ये घेतला. कारखाना गेला तरी हातातील कौशल्य माणसाबरोबर दुसरीकडे जाते.

नोकरीपलीकडेही या साधनांचा उपयोग आहे. पेणच्या खारलाटातील बंधारा फुटून शेतात खारे पाणी शिरले, तर त्यातील क्लोराइडचे प्रमाण सिल्व्हर नायट्रेटच्या अनुमापनाने काढता येते. कुंडलिकेच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती, हे विंकलर यांच्या १८८८ च्या पद्धतीने साध्या ब्युरेटने मोजता येते. पेण हे गणेशमूर्तींचे माहेरघर. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती पाण्यात सहज विरघळत नाहीत. त्यांसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत पुढे आणली. तीत प्लास्टरपासून कॅल्शियम कार्बोनेटचा साका आणि खत म्हणून उपयोगी पडणारे अमोनियम सल्फेटचे द्रावण मिळते. हा प्रयोग पदवीच्या विद्यार्थ्यास आपल्या बाकावर करून पाहता येण्याजोगा आहे.

दानाचे नवे रूप

या वाटचालीवरून एक बोध स्पष्ट होतो. इमारत एकदा बांधली की पन्नास वर्षे टिकते आणि दात्याचे नाव शिलेवर राहते. प्रयोगशाळा मात्र दरवर्षी नव्याने उभी करावी लागते. रसायने संपतात, काच फुटते, पीएच मापकाची काचनळी निकामी होते, कोकणातील खारी व दमट हवा तराजूच्या धातूस व विजेच्या जोडणीस गंज आणते. दुरुस्तीअभावी कपाटात पडून राहिलेले महागडे उपकरण आणि नसलेले उपकरण यांत विद्यार्थ्याच्या दृष्टीने काहीच अंतर नाही. साधने पुसून, धुऊन, जागच्या जागी ठेवणाऱ्या प्रयोगशाळा परिचराचे मोल त्यामुळेच मोठे आहे.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईत सर वसनजींसारख्यांच्या औदार्याने विज्ञानाची दारे उघडली. आज त्याच औदार्याची गरज अधिक लहान, परंतु नित्याच्या रूपात आहे. एखाद्या महाविद्यालयाच्या काचसामानाचा वार्षिक खर्च, एका उपकरणाची देखभाल, एका होतकरू विद्यार्थ्याचे प्रयोगशाळा शुल्क अशा दानावर कोणाचे नाव कोरले जात नाही. मात्र त्या दानामुळे गागोद्याच्या किंवा धाटावच्या मुलाला रसायनशास्त्रासाठी गाव सोडावे लागणार नाही. ज्ञानदानाचे याहून निरपेक्ष स्वरूप ते कोणते?