मांडव, काचगृह आणि हरितगृह : एका कृषिशब्दाचा इतिहास

पुणे जिल्ह्यात तळेगाव नावाची दोन प्रसिद्ध गावे आहेत. एक मावळातील तळेगाव दाभाडे. दुसरे शिरूर तालुक्यातील, वेळ नदीकाठचे तळेगाव ढमढेरे. नाव एकच असल्याने त्यास मराठा घराण्यांची नावे जोडून व्यवहारातील घोटाळा टळला. परंतु हवेतील भेद नावात उतरला नाही. पहिले गाव सह्याद्रीच्या पावसाजवळचे, दुसरे पर्जन्यछायेतील. पहिल्या तळेगावी फुलशेतीची हरितगृहे मोठ्या संख्येने उभी राहिली आणि तेथील शब्द पूर्वेकडील शेतकऱ्यांच्याही कानी पडू लागला. तो शब्द दोन्ही गावांस सारखाच लागू पडतो काय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

वस्तूचा इतिहास प्रथम पाहू. रोमन सम्राट टायबेरियस याला बारमाही काकडी मिळावी म्हणून वाफ्यांवर पारदर्शक दगडाचे पत्रे झाकीत, असे प्लिनीच्या ग्रंथावरून दिसते. पुढे युरोपात काच स्वस्त झाल्यावर काचगृहे वाढली. 1933 साली इंग्लंडमध्ये पॉलिथिलीनचा शोध लागला आणि 1948 मध्ये अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात एमर्ट यांनी काचेऐवजी स्वस्त पारदर्शक पापुद्रा वापरून हरितगृह उभारले. तेव्हापासून कमानींवर कागद ताणून केलेले घर सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आले. या सर्व प्रयत्नांमागे हेतू एकच होता : थंडीने आखडलेला हंगाम लांबविणे.

'हरितगृह' हा शब्द इंग्रजी शब्दाचे पदशः भाषांतर आहे. त्यात घराचा रंग आहे, कार्य नाही. आतील उष्णता बाहेर जात नाही, याचे कारणही पुष्कळदा चुकीचे सांगितले जाते. 1909 मध्ये वुड या पदार्थवैज्ञानिकाने दाखविले, की ऊब टिकते ती मुख्यतः तापलेली हवा कोंडली गेल्यामुळे. कोंडलेली हवा लडाखात वरदान ठरेल. शिरूरच्या वैशाखात तीच पिकाचा घात करील. म्हणून दख्खनमध्ये अशा घराला वरून व बाजूंनी वारा खेळता ठेवावा लागतो आणि आत सावलीची जाळी ताणावी लागते.

ही सावली व आडोशाची कल्पना मराठीस नवी नाही. 'मांडव' हा शब्द संस्कृत 'मण्डप', प्राकृत 'मंडव' या मार्गाने आला. लग्नाचा मांडव, कारल्याचा मांडव, द्राक्षाचा मांडव, या सर्वांत खांबांवर तोलून धरलेले आच्छादन हा अर्थ समान आहे. पानमळ्यात शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा लावून वेलीस आधार, सावली व वाऱ्यापासून आडोसा देतात; म्हणजे जिवंत झाडांचेच घर बांधतात. 'बागाईत' व 'जिराईत' हे शब्द आपण फारसी-अरबीतून घेतले, पण आडोशाचे शब्द घरचेच राहिले, हे लक्षणीय आहे.

अलीकडे कलिंगड व खरबूज यांच्या गादीवाफ्यांवर बांबूच्या कामट्या वाकवून रोवतात आणि त्यांवर पातळ, सच्छिद्र कापड अंथरून कडा मातीने दाबतात. कमानीच्या हरितगृहाचे हे सर्वांत साधे रूप. पौष-माघातील रात्रीच्या गारठ्यात ते कोवळ्या रोपास ऊब देते. फुलकिडे, पांढरी माशी व त्यांच्यामार्फत पसरणारे विषाणू यांना अडविते. सुमारे तीन आठवड्यांनी, मादीफुले येऊ लागली की ते काढावेच लागते. कारण मधमाशी आत न शिरल्यास फळधारणा होत नाही. शेतकरी यास 'क्रॉप कव्हर' म्हणतो, कमानींना मात्र 'कामट्या'च म्हणतो. नव्या वस्तूचे विकत घेतलेले अंग परक्या नावाने आणि हाताने घडविलेले अंग घरच्या नावाने ओळखले जाते, हा भेद शब्दाभ्यासकाने टिपून ठेवण्याजोगा आहे.

येथे केवळ शब्दशुद्धीचा प्रश्न नाही. हरितगृहाची उभारणी बहुधा कर्जाने होते. ज्याने त्याचा अर्थ 'ऊब कोंडणारे घर' एवढाच घेतला, तो उन्हाळ्यात पीक गमावील आणि हप्ता मात्र चुकणार नाही. परिभाषा घडविणाऱ्यांवर म्हणून जबाबदारी येते. महाराष्ट्रात 1960 साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि शास्त्रीय परिभाषेचे मोठे काम झाले. त्यास आता बांधावरील शब्दसंग्रहाची जोड हवी. 'हरितगृह' रूढ झाला आहे, तो राहू द्यावा. परंतु त्याच्या शेजारी 'ऊबमांडव' व 'सावलीमांडव' अशी कार्यदर्शक नावे ठेवल्यास शब्द उच्चारताच वस्तूचा उपयोग कळेल. दोन तळेगावे ओळखू यावीत म्हणून पूर्वजांनी नावाला जोड दिली; दोन प्रकारच्या मांडवांसाठी तेवढेच करणे आपल्याला कठीण नाही.