बोंबलाची सातासमुद्रापलीकडची वाट

मेहकर तालुक्यातील डोणगाव सरळ रेषेत मोजले तरी समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा मुलूख ज्वारीचा, तुरीचा, कापसाचा. तरीही समुद्रातला एक जीव इथल्या चुलीच्या चांगला ओळखीचा आहे. वऱ्हाडातल्या आठवडी बाजारात एका कडेला पोती पसरून सुकी मासळी मांडलेली असते. सुकट, जवळा आणि काटकीसारखे वाळलेले बोंबील. निखाऱ्यावर भाजून, कांदा-तिखटात परतून भाकरीबरोबर खायचे. हिरवी भाजी महाग होते किंवा मिळत नाही, त्या दिवसांत कष्टकऱ्यांच्या घरी हेच कालवण. श्रोतेहो, या गरिबाघरच्या बोंबलाला १९९७ मध्ये साऱ्या युरोपने आपली दारे बंद केली होती. ती पुन्हा कशी उघडली, त्याची ही गोष्ट.

आधी बोंबील सुकवायचा का, ते पाहू. या माशाच्या अंगात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते. बर्फ नव्हता त्या काळी सकाळी पकडलेला बोंबील संध्याकाळपर्यंतही धड राहत नसे. सातपाटी, अर्नाळा, उत्तन, वर्सोवा या किनाऱ्यांवर भरती-ओहोटीच्या वेगवान पाण्यात पिशवीसारखी डोल जाळी लावतात. त्यात बोंबील इतका येतो की तो ताजा खपणे शक्यच नसते. म्हणून कोळणी दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगतात. बांबूंच्या या मांडवाला वलांडी म्हणतात. मीठ नाही, विस्तव नाही. ऊन आणि वारा एवढेच भांडवल. चांगले ऊन असले तर तीन-चार दिवसांत मासा खडखडीत वाळतो. पाणी गेले की वजन जाते, आणि कुजण्याची भीतीही जाते. अवकाळी पावसाची एक सर आली, तर मात्र वलांडीवरचा सगळा माल मातीमोल होतो.

गंमत अशी, की ज्या युरोपने बोंबील अडवला, त्या युरोपातही अगदी हीच रीत हजार वर्षांपासून चालत आली आहे. नॉर्वेच्या उत्तरेला लोफोटेन नावाची बेटे आहेत. तिथले कोळी हिवाळ्याच्या अखेरीस कॉड मासा पकडतात. दोन मासे शेपटीशी बांधून लाकडी मांडवावर टांगतात आणि मीठ न लावता वाऱ्यावर वाळवतात. आपल्याकडे ऊन काम करते, तिकडे गार वारा. १४३१ मध्ये क्रीटहून फ्लँडर्सला निघालेले पिएत्रो क्वेरिनी या व्हेनिसच्या दर्यावर्दीचे जहाज वादळात सापडले. वाचलेली माणसे १४३२ च्या जानेवारीत लोफोटेनजवळच्या रोस्त बेटावर पोचली. या वाळलेल्या माशाची हकीकत त्यांनी मायदेशी नेली आणि इटलीत तो आजही आवडीने खाल्ला जातो.

हा मासा बेर्गेन बंदरात गोळा होई आणि तिथून जहाजांनी जर्मनीतल्या ल्यूबेकसारख्या बंदरांकडे जाई. हान्सा नावाच्या व्यापारी संघाने चौदाव्या शतकात बेर्गेनला आपली मोठी पेढीच थाटली होती. बदल्यात ही जहाजे राय नावाचे धान्य आणि त्याचे पीठ उत्तरेला नेत, कारण त्या थंड मुलखात धान्य पुरेसे पिकत नव्हते. म्हणजे ज्याच्याकडे समुद्र होता त्याने मासा वाळवून दिला आणि ज्याच्याकडे शेत होते त्याने धान्य दिले. आपल्याकडेही व्यवहार याच जातीचा. किनाऱ्याचा माल घाट चढून यायचा आणि देशावरचे धान्य खाली उतरायचे. लमाणांचे बैलांचे तांडे मीठ आणि धान्य वाहून नेत. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, तेव्हा मुंबईचा माल मलकापूर, नांदुरा, शेगावपर्यंत आगगाडीने येऊ लागला. घाटावरच्या मेहकर-डोणगावच्या भागात रेल्वे नव्हती. तिथे पुढची वाट बैलगाडीचीच.

इंग्रजांनी बोंबलाला नाव दिले 'बॉम्बे डक', म्हणजे मुंबईचे बदक. डाकगाडीतून त्याचा वास येई म्हणून 'डाक'चे 'डक' झाले, असे हौसेने सांगतात. पण आपल्याकडे पहिली आगगाडी धावली १८५३ मध्ये, आणि हे नाव त्याहून जुने आहे. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या लोकांना 'डक' म्हणण्याची थट्टा तर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या १८०३ च्या लिखाणातही आढळते. तेव्हा आगगाडीची कथा रंजक असली तरी खरी नाही.

इथे नोकरी करून परतलेल्या इंग्रजांनी बोंबलाची चव सोबत नेली. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन प्रवास काही आठवड्यांवर आला. सुक्या मालाला एवढा प्रवास काहीच नाही. पंचाईत वासाची होती, म्हणून तो डब्यात बंद करावा लागे. पुढे ब्रिटनमधल्या भारतीय पद्धतीच्या खाणावळींत तळलेला बोंबील कढीभातावर चुरून खाण्याची रीत पडली. बंदीपूर्वी ब्रिटनमध्ये वर्षाला १३ टनांहून अधिक बोंबील खपत होता.

१९९७ मध्ये भारतातून जाणाऱ्या सागरी मालात रोगजंतू आढळले आणि प्रक्रिया-कारखान्यांच्या स्वच्छतेवरही युरोपीय संघाने आक्षेप घेतले. बंदी आली. पुढे तपासणीत उतरलेल्या गोठवण कारखान्यांना परवानगी मिळाली आणि कोळंबी पुन्हा जाऊ लागली. बोंबील मात्र अडकला. तो वलांडीवर तयार होतो, कारखान्यात नाही. मग परवाना द्यायचा कोणाला? त्याच्यात दोष सापडला होता असे नाही. नियमाच्या रकान्यात त्याला जागाच नव्हती.

ब्रिटनमधल्या शौकिनांनी मग बोंबील वाचवण्याची मोहीम काढली. तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयानेही युरोपीय आयोगाशी बोलणे केले. २००० मध्ये तोडगा निघाला. मासा पूर्वीसारखाच उघड्यावर वाळवावा, पण तो पाकिटात भरण्याचे काम आयोगाने मान्य केलेल्या केंद्रातच व्हावे. बर्मिंगहॅमच्या एका घाऊक व्यापाऱ्याने मुंबईत असे केंद्र शोधले आणि बोंबील पुन्हा विलायतेला निघाला.

स्वच्छतेचा आग्रह चुकीचा नव्हता. वाळूत, माश्यांत पसरलेला माल कोणीच खाऊ नये. पण सगळ्यांना एकच कारखान्याचे माप लावले, की हातांचे जुने शहाणपण त्या मापात बसत नाही. २००० च्या तोडग्याने ते मान्य केले. ऊन-वाऱ्याचे काम ऊन-वाऱ्याकडे राहिले, बदलले ते पाकीट. पुढे २०१४ मध्ये युरोपीय संघाने लोफोटेनच्या वाळलेल्या कॉडच्या नावाला कायद्याचे संरक्षण दिले. रीत तीच, मांडवही तसेच. त्या माशाला त्याच्या बेटांचे नाव मिळाले; आपल्या बोंबलाला मिळाले ते बदकाचे.

आठवडी बाजारातल्या गिऱ्हाईकाला शिक्का लागत नाही. ते बोंबील हातात घेते, वास घेते आणि मोडून पाहते. कडक् असा आवाज झाला तर माल चांगला. वाकला तर दमट. दूरच्या गिऱ्हाईकाला हे करता येत नाही, म्हणून त्याला पाकिटावरचा शिक्का हवा. तो जरूर द्यावा. मात्र ज्या हातांनी जबड्यात जबडा अडकवून तो मासा टिकवला, त्यांच्या कामाचे मोल त्या शिक्क्याखाली झाकले जाऊ नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)