मुलांमधला ‘आयटीपी’: एकच औषध सगळ्यांना सारखं का लागू पडत नाही?

सर्दी-तापातून मूल बरं होतं. दोन-तीन आठवड्यांनी अंगावर बारीक लाल ठिपके उमटतात, कुठे न आपटताही काळे-निळे डाग दिसतात. रक्ततपासणीत प्लेटलेट २० हजारांच्याही खाली, बाकी सगळं ठीक. ‘इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया’ म्हणजेच आयटीपीची सुरुवात अनेकदा अशी होते.

नेमकं काय बिघडतं?

एक मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. रक्तस्राव थांबवणं हे त्यांचं काम. आयटीपीमध्ये रोगप्रतिकारशक्ती त्यांनाच शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. यांना ऑटोअँटिबॉडी म्हणतात. त्या चिकटलेल्या प्लेटलेट प्लीहेत नष्ट होतात.

१९५० मध्ये अमेरिकेत डॉ. विल्यम हॅरिंग्टन यांनी आयटीपीच्या रुग्णाचं रक्त स्वतःला चढवून घेतलं. काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट कोसळल्या. दोष रुग्णाच्या रक्तातल्या कशात तरी आहे, हे त्यातून दिसलं.

उपचार काय?

बहुतेक मुलं वर्षभरात आपोआप बरी होतात. त्रास त्वचेपुरताच असेल तर अनेकदा फक्त लक्ष ठेवलं जातं. रक्तस्राव जास्त असेल तर स्टिरॉइड किंवा आयव्हीआयजी, म्हणजे रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडी देतात. यामुळे प्लीहेतला नाश मंदावतो.

मग फरक का पडतो?

सगळ्या ऑटोअँटिबॉडी एकाच जागी चिकटत नाहीत. बऱ्याच जणी प्लेटलेटवरच्या ‘जीपी टूबी-थ्रीए’ या प्रथिनाला धरतात, काही ‘जीपी वनबी’ला. दुसऱ्या प्रकारात प्लेटलेट यकृतातही वेगळ्या मार्गाने नष्ट होऊ शकतात. तिथे आयव्हीआयजी कमी पडत असावं, असं काही अभ्यास सुचवतात, पण सगळ्या अभ्यासांचं यावर एकमत नाही. शिवाय काही रुग्णांत टी-पेशीही प्लेटलेटवर हल्ला करतात.

मग अँटिबॉडीची तपासणी करून घ्यावी का?

आजार असूनही अनेक मुलांची ही तपासणी निगेटिव्ह येते. त्यामुळे डॉक्टर केवळ तिच्यावर उपचार ठरवत नाहीत. नुसत्या आकड्यापेक्षा रक्तस्राव किती आहे, हे महत्त्वाचं मानलं जातं.

तातडीने रुग्णालय कधी गाठायचं?

नाकातलं किंवा तोंडातलं रक्त थांबत नसेल, लघवी-शौचातून रक्त जात असेल, डोक्याला मार लागला असेल, तीव्र डोकेदुखी, उलट्या किंवा गुंगी असेल तर. मेंदूतला रक्तस्राव १ टक्क्याहूनही कमी मुलांत होतो, पण तो जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.