क्रॉफर्ड मार्केट आणि रे मार्केट : मुंबई व पुणे येथील मध्यवर्ती बाजारपेठांचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना

मावळ तालुक्यातील बेडसे येथील लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानली जातात. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागातील एका लेखात नाशिकच्या आनंद नावाच्या श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याने दिलेल्या दानाची नोंद आहे. नाशिकच्या व्यापारी कुटुंबाने पवन मावळाच्या डोंगरात दान द्यावे, यावरून कोकणातील बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांना जोडणाऱ्या घाटमार्गांवर या प्रदेशाचे स्थान काय होते, याची कल्पना येते. एकोणिसाव्या शतकात या संबंधाला नवे रूप आले. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग पूर्ण झाल्यावर मुंबई व पुणे ही शहरे रेल्वेने थेट जोडली गेली. त्यानंतरच्या पाव शतकात दोन्ही शहरांत एकेक भव्य मंडई उभी राहिली. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये पूर्ण झाले, तर पुण्याचे रे मार्केट १८८६ मध्ये खुले झाले. आज या दोन्ही वास्तूंना महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे.

नाव एक आणि वास्तुशैलीही बरीचशी सारखी असल्यामुळे या दोन मंडया एकाच वसाहतवादी नगररचनेच्या दोन आवृत्त्या आहेत, असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांच्या उभारणीमागील प्रक्रिया भिन्न होत्या. बाजार कोठे बसवावा, त्याचा खर्च कोणी सोसावा आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या तीन प्रश्नांना दोन शहरांनी जी उत्तरे दिली, त्यांतून त्यांच्या मध्यवर्ती बाजारपेठांचे स्वरूप घडले. प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या आधारे दोन्ही बाजारपेठांची तुलना केली आहे.

पूर्वपीठिका : कोट आणि पेठ

मुंबईचा जुना बाजार प्रारंभी किल्ल्याच्या तटबंदीच्या आत होता. १८०३ च्या फेब्रुवारीत लागलेल्या मोठ्या आगीत किल्ल्यातील देशी वस्तीचा बराच भाग जळाला आणि त्यानंतर तटाबाहेरील वस्तीच्या वाढीला वेग आला. मांडवी, भुलेश्वर, काळबादेवी हा परिसर व्यापाराचे केंद्र बनला. कोट आणि ही देशी वस्ती यांच्यामध्ये लष्करी कारणांसाठी मोकळे ठेवलेले मैदान होते. मुंबईत शासक आणि व्यापारी यांच्यामध्ये असे प्रत्यक्ष भौगोलिक अंतर होते.

पुण्यात असे अंतर नव्हते. पेशवेकाळात शहराची वाढ पेठांच्या रूपाने झाली. नवी पेठ वसविताना व्यापारी व कारागीर यांना जागा आणि काही वर्षांची करसवलत दिली जाई. शेटे-महाजन पेठेचा व्यवहार पाहत आणि वरच्या बाजूस कोतवालाची देखरेख असे. येथे बाजार हा वस्तीचाच एक भाग होता. तुळशीबागेतील राममंदिर नारो अप्पाजी खिरे तुळशीबागवाले यांनी बांधविले. त्या मंदिराभोवती पुढे दुकाने वाढत गेली, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. भाजीपाल्याचा बाजार मात्र शनिवारवाड्यासमोरील मोकळ्या पटांगणात भरत असे. पेशवाई संपल्यानंतर सत्तेचे केंद्र राहिले नाही, परंतु त्या केंद्रापुढचा बाजार टिकून राहिला.

मुंबई : आयुक्ताची मंडई

१८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस व्यापाराला अभूतपूर्व तेजी आली. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडण्यात आला व नव्या बांधकामांसाठी जागा मोकळी झाली. १८६५ मध्ये तेजी कोसळली. त्याच वर्षीच्या कायद्याने महापालिकेची कार्यकारी सत्ता सरकारनियुक्त आयुक्ताच्या हाती दिली. आर्थर क्रॉफर्ड हे पहिले आयुक्त होत. विल्यम इमर्सन यांनी आराखडा केलेली नवी मंडई त्यांच्या कारकिर्दीत पूर्ण झाली. प्रवेशद्वारांवरील शेतकऱ्यांची शिल्पे जॉन लॉकवुड किपलिंग यांची आहेत. कोट आणि देशी वस्ती यांच्या सीमेवर, म्हणजे दोन्हीकडच्या ग्राहकांना सोयीच्या ठिकाणी, ही वास्तू उभी राहिली.

आरोग्याच्या दृष्टीने उघड्यावरील बाजार बंदिस्त इमारतीत आणणे, ही त्या काळातील युरोपीय नगरप्रशासनाची सर्वमान्य कल्पना होती. पॅरिसमध्ये व्हिक्टर बाल्तार यांच्या आराखड्यानुसार ले आल येथील बाजार १८५० च्या दशकात लोखंड व काचेच्या मंडपाखाली आणला गेला, ते याचे प्रसिद्ध उदाहरण होय. अमेरिकेत मध्यवर्ती बाजारपेठेला आकार देण्यात खाजगी भांडवलाचा वाटा मोठा होता. शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवर १८६८ पासून मार्शल फील्ड व त्यांच्या भागीदारांच्या दुकानाने शहराच्या व्यापाराचे केंद्रच तेथे खेचून आणले. मुंबईत हे काम आयुक्ताच्या लेखणीने झाले.

त्या लेखणीवर अंकुश कोणाचा, हा प्रश्न लवकरच उपस्थित झाला. मंडई, रस्ते, गटारे यांवरील खर्च वाढत गेला आणि १८७१ मध्ये करदात्यांनी क्रॉफर्ड यांच्या कारभाराविरुद्ध चळवळ केली. क्रॉफर्ड यांना पद सोडावे लागले. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहता यांनी घेतलेली भूमिका लक्षणीय होती. कार्यकारी अधिकार एका सक्षम अधिकाऱ्याकडेच असावा, परंतु त्यावर नियंत्रण करदात्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींचे असावे, असे त्यांचे म्हणणे होते. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका अस्तित्वात आली व त्यांपैकी निम्मे सदस्य करदात्यांनी निवडावयाचे ठरले. मुंबईत मंडई आधी उभी राहिली आणि ती बांधण्याचा अधिकार कोणाचा, याचा निर्णय नंतर झाला.

पुणे : नगरपालिकेची मंडई

पुण्यात क्रम उलटा होता. येथे १८५८ पासून नगरपालिका होती आणि नव्या मंडईचा विचार सुरू झाला तेव्हा तो सभागृहातील वादाचा विषय झाला. १८७६ पासून काही वर्षे जोतीराव फुले या नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या पुणेभेटीसाठी नगरपालिकेच्या निधीतून खर्च करण्याच्या प्रस्तावाला त्यांनी विरोध केला. मंडईच्या नव्या इमारतीवरील मोठ्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. हा पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे मत होते.

या विरोधाकडे निव्वळ काटकसर म्हणून पाहता येत नाही. फुले हे बांधकामांचे कंत्राटदार व व्यावसायिक होते. इमारत म्हणजे काय आणि तिचा खर्च कोठून येतो, याची त्यांना चांगली जाण होती. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात, सरकारी महसुलाचा मोठा भाग श्रम करणाऱ्या रयतेकडून येतो, पण शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांनी दाखवून दिले. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या दारिद्र्याची मीमांसा करताना करांच्या ओझ्याचा त्यांनी समाचार घेतला. ज्याच्या मालावर मंडई चालते, त्याला त्या मंडईतून काय मिळते, हा त्यांच्या विरोधामागील मूळ प्रश्न होता.

नगरपालिकेने मंडई बांधलीच. शुक्रवार पेठेत मध्यवर्ती अष्टकोनी मनोरा व त्यापासून फुटणाऱ्या आठ शाखा अशी तिची रचना झाली. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने १८८६ मध्ये ती खुली झाली आणि शनिवारवाड्यासमोरचा बाजार पेठांच्या मध्यभागी आला.

दोन बाजारपेठांचे स्वरूप

स्थानाचा परिणाम व्यापाराच्या स्वरूपावर झाला. क्रॉफर्ड मार्केटच्या उत्तरेस व पश्चिमेस मंगलदास मार्केट, मुळजी जेठा मार्केट, झवेरी बाजार, लोहार चाळ अशी एकेका मालाला वाहिलेली पेठ पसरली. बंदर जवळ असल्याने आयात मालाला येथे कायम गिऱ्हाईक होते. या परिसरातील घाऊक व्यापाराचे संबंध देशभर व देशाबाहेर होते. शहराचा रहिवासी हा येथील अनेक ग्राहकांपैकी एक होता.

पुण्यातील मंडई, तुळशीबाग व लक्ष्मी रस्ता ही साखळी मुख्यतः घरगुती गरजांभोवती विणली गेली. भाजी, पूजासाहित्य, भांडी, कापड आणि दागिने यांची खरेदी एकाच फेरीत होऊ शकत असे. वस्ती, मंदिर आणि बाजार एकमेकांत मिसळलेले राहिले. त्यामुळे मंडई ही सार्वजनिक चर्चेचीही जागा झाली. ‘मंडई विद्यापीठ’ हा पुण्यातील शब्दप्रयोग त्यातूनच आला. १९२४ मध्ये येथे लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याचे अनावरण पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. पुढच्याच वर्षी केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत फुले यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा शहरात तीव्र ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद उसळला. बाजाराच्या चौकात कोणाची स्मृती जपावी, हा पुण्यात सत्तेचा प्रश्न होता.

नामांतराचा इतिहास

ज्या दोन अधिकाऱ्यांची नावे या मंडयांना होती, ते १८८८ मध्ये समोरासमोर आले, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. क्रॉफर्ड त्या वेळी मध्य विभागाचे आयुक्त म्हणून पुण्यात होते. त्यांच्यावर मामलेदारांकडून पैसे घेतल्याचे आरोप झाले आणि त्यांची चौकशी लॉर्ड रे यांच्या सरकारने सुरू केली. लाच घेतल्याचे चौकशीत सिद्ध झाले नाही, मात्र अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्जे घेतल्याच्या कारणावरून त्यांना सेवेतून दूर करण्यात आले. साक्ष देणाऱ्या मामलेदारांची बाजू टिळकांनी घेतली, ते हेच प्रकरण होय. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या मांडवी भागातील सभेत रावबहादूर विठ्ठलराव वंडेकर यांनी फुले यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली. क्रॉफर्ड मार्केट तेथून जवळच आहे.

पुण्याच्या मंडईला फुले यांचे नाव १९३८ च्या सुमारास मिळाले. नगरपालिकेत निवडून आलेल्या प्र. के. अत्रे यांचा त्यात पुढाकार होता. मुंबईच्या मंडईचे नामांतर स्वातंत्र्यानंतरचे आहे. पुण्यातील नामांतरामागे दीर्घ सामाजिक संघर्ष होता, तर मुंबईत ते वसाहतकालीन नावे बदलण्याच्या व्यापक प्रक्रियेत झाले. म्हणूनच पुण्यात ‘मंडई’ म्हटले की वेगळे सांगावे लागत नाही आणि मुंबईत मात्र ‘क्रॉफर्ड मार्केट’ हेच नाव बोलण्यात राहिले.

समारोप

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घाऊक व्यापार दोन्ही मंडयांतून बाहेर पडला. १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने बाजार समित्यांना अधिष्ठान दिले. पुण्याचा घाऊक बाजार गुलटेकडीस आणि मुंबईचा फळे व भाजीपाल्याचा घाऊक बाजार १९९६ मध्ये वाशीस गेला. पॅरिसमध्येही १९६९ मध्ये ले आलचा बाजार रंजिसला हलविण्यात आला होता, परंतु तेथील जुने मंडप १९७१ पासून पाडण्यात आले. मुंबई व पुण्याच्या वास्तू उभ्या राहिल्या आणि त्यांतील किरकोळ व्यापारही टिकला. पुण्यात २०२४ पासून भुयारी मेट्रोचे स्थानक मंडईपाशी सुरू झाले आहे. अशा परिसरात जमिनीचे मोल वाढते, तसा जतन व पुनर्विकासाचा प्रश्नही तीव्र होतो.

या तुलनेतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, मध्यवर्ती बाजारपेठ ही केवळ व्यापाराच्या गतीने घडत नाही. मुंबईच्या बाजाराला आयुक्ताच्या सत्तेने आणि बंदराने, तर पुण्याच्या बाजाराला पेठेने आणि सभागृहातील वादाने आकार दिला. दुसरा निष्कर्ष असा की, दोन्ही ठिकाणी मंडईच्या खर्चावरील वादाने स्थानिक स्वराज्याच्या विचाराला चालना दिली, परंतु या वादात बोलण्याचा अधिकार करदात्या शहरवासीयापुरता मर्यादित राहिला. मंडईत माल आणणारा मावळातील वा अन्य ठिकाणचा शेतकरी हा मुंबईच्या प्रवेशद्वारावर शिल्परूपाने आला, पण सभागृहात त्याची बाजू मांडणारा आवाज पुण्यात फुले यांचा होता आणि तो अल्पमतात गेला. त्यांचे नाव दोन्ही वास्तूंवर लागले असले, तरी त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इमारतीच्या जतनातून मिळणारे नाही. या मंडयांच्या भवितव्याचे निर्णय होतील, तेव्हा उत्पादक आणि किरकोळ विक्रेता यांना त्यांत स्थान मिळणे, हेच त्या नावाशी सुसंगत ठरेल.