बिघाड असूनही विमान उडतं? कोणती दुरुस्ती थांबू शकते, हे कसं ठरतं?

विमानातला प्रत्येक बिघाड उड्डाणाआधी दुरुस्त करावाच लागतो, असं नाही. काय बंद असताना विमान उडू शकतं, हे 'मिनिमम इक्विपमेंट लिस्ट' म्हणजेच 'एमईएल' या यादीवरून ठरतं. विमान कंपनी ही यादी त्या मॉडेलच्या मूळ यादीवरून तयार करते. ती मूळ यादीपेक्षा कडक असू शकते, सैल नाही. भारतात तिला डीजीसीएची मंजुरी लागते.

दुरुस्तीसाठी किती मुदत?

'बी' गटातल्या बिघाडाला ३ दिवस, 'सी'ला १० आणि 'डी'ला १२० दिवस मिळतात. बिघाड सापडला तो दिवस यात धरत नाहीत. 'ए' गटात प्रत्येक बिघाडाची मुदत वेगळी असते. यादी परवानगी देत असली, तरी कॅप्टन उड्डाणाला नकार देऊ शकतो.

मग धोका कुठे?

२८ डिसेंबर २०१४ रोजी एअरएशिया इंडोनेशियाचं विमान जावा समुद्रात कोसळलं. १६२ जणांचा मृत्यू झाला. रडरच्या हालचालीला मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेत आधीच्या वर्षभरात २३ वेळा बिघाड नोंदवला गेला होता, असं तपासात आढळलं. मूळ दोष होता सर्किटमधला तडकलेला सांधा. त्या दिवशी तोच बिघाड पुन्हा आला आणि तो हाताळताना वैमानिकांचा विमानावरचा ताबा सुटला.

त्यामुळे बिघाड किती दिवस थांबू शकतो, एवढंच पाहून भागत नाही. तो वारंवार येतोय का, हेही नोंदींमधून तपासावं लागतं.