हरकतीची कुळकथा

झाड तोडायची परवानगी कुणी मागितली, तर वृक्ष अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची आणि तिची एक प्रत त्याच झाडाच्या खोडावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी लावायची, असं महाराष्ट्राचा झाडांविषयीचा १९७५ चा कायदा सांगतो. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद या तिन्ही ठिकाणी तो लागू आहे. सूचना लागल्यापासून सात दिवसांत कुणाही नागरिकाला हरकत घेता येते. जंगल वाचवण्याची लोकांची मोहीम म्हटलं की आपल्याला मोर्चे, मशाली, झाडाला मिठी मारणारी माणसं आठवतात. पण आपल्याकडे जंगल जिथे खरोखर टिकलं, तिथे बहुधा मुदतीत दिलेला एक साधा लेखी अर्ज सापडतो. या अर्जाचं कूळ तपासलं तर दोन गोष्टी दिसतात. तो जंगल राखण्यासाठी जन्मला नाही, हक्क मागण्यासाठी जन्मला. आणि त्याचा उपयोग झाला तो जंगलातून जाणाऱ्या रस्त्याची रेघ कागदावर असताना. खोडाला नोटीस चिकटते तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

मूळ शोधायचं तर १८७८ च्या वन कायद्यापर्यंत मागे जावं लागतं. जंगल राखीव करण्याआधी सरकारने गावोगाव, लोकांच्या भाषेत जाहीरनामा लावायचा आणि किमान तीन महिन्यांची मुदत देऊन दावे मागवायचे, अशी तरतूद त्यात होती. म्हणजे अर्ज करायचा तो जंगलासाठी नव्हे, जंगलातल्या आपल्या वहिवाटीसाठी. तेव्हा अंबरनाथ, बदलापूर ही कल्याण तालुक्यातली गावं होती आणि ठाणे जिल्ह्यात सगळ्यात मोठं भांडण पेटलं ते राबावरून. ऐन-किंजळीच्या फांद्या छाटायच्या, त्यावर पालापाचोळा, शेण आणि मातीचा पातळ थर पसरायचा, उन्हाळ्यात ते पेटवून द्यायचं आणि पाऊस पडताच त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं बी टाकायचं, ही कोकणातली रीत. वनखात्याच्या मते ही जंगलाची नासाडी होती. शेतकऱ्याच्या मते राबाशिवाय रोपच धरत नव्हतं. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने तर कायदा होत असतानाच विरोध नोंदवला होता. गावकऱ्यांना विश्वासात घेतलं तर जंगल जास्त चांगलं राखलं जाईल, हे तिचं म्हणणं मला या साऱ्या कुळकथेतलं सर्वांत महत्त्वाचं वळण वाटतं. वहिवाटीचा हक्क आणि जंगलाचं रक्षण या एकमेकींविरुद्धच्या गोष्टी नाहीत, ही भूमिका तिथे स्पष्टपणे मांडली गेली. सरकारने ती तेव्हा ऐकली नाही.

मग जंगल गेलं कशाने? शेतकऱ्याच्या कोयत्याने किती आणि वाहतुकीच्या सोयीने किती, हा हिशेब आपण नीट मांडत नाही. कल्याणहून अंबरनाथ, बदलापूरवरून पळसदरीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला. रेल्वेला स्लीपर हवे होते, जळण हवं होतं, आणि डोंगरातला माल मुंबईच्या बाजारात नेण्याची सोय तीच करून देत होती. पुढे १९२० च्या दशकात अंबरनाथला विमकोचा आगपेटीचा कारखाना आला. काडीला सावरीसारखं मऊ लाकूड लागतं, आणि असा कारखाना लाकूड वाहून आणण्याच्या सोयीशिवाय चालत नाही. याहून स्पष्ट दाखला पुण्याजवळच्या पानशेत धरणाचा आहे. धरणाच्या कामासाठी डोंगरात रस्ते झाले आणि त्याच रस्त्यांनी पुण्याचे कोळशाचे व्यापारी आत शिरले. पिढ्यान्‌पिढ्या राखलेले आंबे, हिरडे मातीमोल भावाने विकले गेले आणि कोळशाच्या पोत्यांतून शहरात आले, हे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी लिहून ठेवलं आहे. झाडं विकणारी माणसं कालपर्यंत तीच झाडं राखत होती. बदललं होतं ते एवढंच की ट्रक दारापर्यंत येऊ लागला होता.

हरकत जंगलाच्या बाजूने कशी वळली, याचं चांगलं उदाहरण श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाचं आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या देवराईतली झाडं तोडायचं वनखात्याने ठरवलं. गावकऱ्यांनी देवराया अभ्यासणारे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याशी संपर्क साधला. देवी कोपेल, एवढंच ते म्हणत नव्हते. या राईतून बारमाही ओढा निघतो, राई गेली तर पाणी जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्तक आणि गाडगीळ यांनी पाहिलं, ते खरं निघालं, तोड थांबली. गावाला ठाऊक असलेलं पाणी आणि अधिकाऱ्याला नाकारता न येणारी नोंद इथे एकत्र आली. त्यानंतर १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या नियमांनी हरकतीला नवी जागा दिली: एखाद्या भागात कोणते उद्योग-व्यवहार चालू नयेत याचा मसुदा निघाला की साठ दिवसांत कुणीही आक्षेप नोंदवू शकतो. इथे अर्जदाराला स्वतःची जमीन, स्वतःची वहिवाट दाखवावी लागत नाही. १८७८ पासूनचा हा मोठा बदल आहे.

आपल्या अंबरनाथ-बदलापूरच्या खोऱ्याला याचा थेट लाभ झाला तो माथेरानमुळे. चंदेरी, म्हैसमाळ, नाखिंड, पेब ही बदलापूरमागून दक्षिणेला जाणारी रांग माथेरानलाच जाऊन मिळते. माथेरानमध्ये पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे डोंगरमाथ्यावर त्यांना जाता येत नाही. श्याम चैनानी आणि त्यांच्या बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने अनेक वर्षं चिकाटीने कागदपत्रं आणि न्यायालय यांच्या वाटेने पाठपुरावा केला आणि ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरान व भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा भाग पर्यावरण-संवेदनशील ठरला. आज वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाची शाखा बदलापूरजवळच्या भोजहून पनवेलकडे मोरब्याला जाते ती याच डोंगरांच्या पोटातून, चार किलोमीटरांहून लांब जुळ्या बोगद्याने. बोगद्याला डोंगराची उंची हे कारण आहेच. पण संवेदनशील म्हणून आधीच नोंदलेल्या डोंगरावर घाटरस्ता फोडणं कुणालाही सोपं नव्हतं, हेही तितकंच खरं. माथ्यावरच्या झाडीला यामुळे रस्त्याची धार लागली नाही.

यावर पहिला आक्षेप ठाकर-कातकरी वाड्यांच्या बाजूने येतो आणि तो रास्त आहे. आजाऱ्याला डोलीत घालून डोंगर उतरवणाऱ्यांना रस्त्याचे तोटे सांगू नयेत. पण कायद्याने हा प्रश्न वेगळा काढलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात रस्त्यासह तेरा सोयींसाठी, प्रत्येकी एक हेक्टरहून कमी वनजमीन, हेक्टरी ७५ झाडांच्या मर्यादेत, ग्रामसभेच्या शिफारशीने मिळते. वाडीच्या रस्त्याला हरकत घेऊ नये. आडवळणाने तो बिल्डरच्या प्लॉटपर्यंत जातो का, एवढं मात्र पाहावं. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: अर्ज कोण वाचतं? मुंबईतल्या आरेत मेट्रोच्या कारशेडविरुद्ध ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या, तरी ऑगस्ट २०१९ मध्ये परवानगी मिळाली आणि ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच रात्रीत करवती चालल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली तोवर २,१४१ झाडं पडली होती. हे दुःख विसरण्यासारखं नाही. पण त्या हरकती झाडांच्या टप्प्यावर आल्या होत्या; जागा आधीच ठरून गेली होती. संख्या प्रचंड होती, वेळ हातची गेली होती. सरकारलाही वेळेची ही किंमत कळते, म्हणून तर केंद्राच्या ५ फेब्रुवारी २०१३ च्या पत्राने रस्ते, कालवे अशा सरळ रेषेत जाणाऱ्या प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून बहुतांशी सूट दिली गेली. ती सूट चुकीची होती असं माझं स्पष्ट मत आहे, कारण जंगल सर्वांत आधी याच रेषांनी तुटतं.

अंबरनाथ-बदलापूरकरांनो, विकास आराखड्याचा किंवा नव्या महामार्गाचा मसुदा प्रसिद्ध झाला की त्यातली रस्त्याची रेघ आधी पाहा. हरकतीत नुसतं ‘जंगल वाचवा’ लिहू नका. गट क्रमांक लिहा, ओढ्याचं नाव लिहा, कोणत्या वाडीचं पाणी तिथून येतं ते लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका.