तापीच्या खोऱ्यातील फैजपूर

नद्यांच्या काठी गावे वसली, गावांतून शहरे झाली, हे आपण शाळेत शिकलेलो आहोत. नाशिक गोदावरीवर, पंढरपूर भीमेवर, भुसावळ तापीवर. परंतु सगळ्याच नद्या गावांना आपल्या मांडीवर घेत नाहीत. तापी ही त्यांपैकी एक. खानदेशात तिचे पात्र गाळाच्या जमिनीत इतके खोल कापले गेले आहे, आणि तिच्या दोन्ही तीरांवर घळींची एवढी दाटी झाली आहे, की काठावरच्या माणसाला पाणी दिसते, पण ते शेतात आणणे शतकानुशतके त्याच्या आवाक्याबाहेर राहिले. म्हणून ह्या नदीच्या उत्तरेकडील मोठी गावे तिच्या काठाला न चिकटता मधल्या काळ्या पट्ट्यात वसली. यावल, फैजपूर, सावदा, रावेर ही त्या माळेतील मणी होत. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी, आणि मधून डोंगरातून उतरणाऱ्या सुकी, मोर यांसारख्या नद्या. त्यांपैकी एकीने तर आपला स्वभाव नावातच सांगून ठेवला आहे!

ह्या पट्ट्याची खरी नदी जमिनीखाली आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे आणि भरड वाळू यांचे जाड थर पसरलेले आहेत. डोंगरावरचे पावसाचे पाणी तेथे जिरते आणि हळूहळू दक्षिणेकडे सरकत विहिरींना मिळते. भूगर्भशास्त्रज्ञ ह्या भागाला बझाडा म्हणतात. फैजपूरचा इतिहास वाचताना हे अदृश्य पाणी सतत ध्यानात ठेवावे लागते, कारण येथील मोट, मळा, बाजार, आणि पुढे केळी, ही सारी त्याचीच लेकरे आहेत.

गावाचे नाव फारसी वळणाचे आहे. ‘फैज’ म्हणजे कृपा, औदार्य. खानदेशावर चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून फारुकी सुलतानांचे राज्य होते आणि बऱ्हाणपूर ही त्यांची राजधानी येथून फार दूर नाही. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि ते राज्य मोगलांकडे गेले. पुढे निजाम, पेशवे आणि १८१८ मध्ये इंग्रज असे धनी बदलत राहिले. राजधानीच्या सावलीतील गावाला असे नाव मिळावे यात नवल नाही. नवल आहे ते वस्तीच्या मिश्रणाचे. लेवा पाटीदार हा येथला प्रमुख शेतकरी समाज. त्याची स्वतःची लेवा बोली आहे, आणि याच जिल्ह्यातील असोद्याच्या बहिणाबाई चौधरींमुळे तिचा गोडवा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला. मुसलमानांची वस्ती जुनी. सातपुड्याच्या पायथ्याशी इस्लाम स्वीकारलेले तडवी भिल्ल, डोंगरात पावरा आणि बारेला. खुद्द फैजपुरात सतपंथाचे प्रसिद्ध देवस्थान आहे, आणि त्या पंथाचे मूळ अहमदाबादेजवळील पिराणा येथील इमामशहांशी जोडले जाते. गावाच्या नावापासून देवस्थानापर्यंत ही सरमिसळ चाललेली दिसते. जनगणनेचे कोष्टक ती दाखवू शकत नाही. गेल्या शतकाच्या आरंभी दहा हजारांच्या आसपास लोकवस्ती होती आणि २०११ साली ती सव्वीस हजारांच्या घरात गेली, एवढेच ते सांगते.

एकोणिसाव्या शतकातील फैजपूर रंगाऱ्यांचे गाव होते. गर्द निळ्या आणि तांबड्या रंगाच्या कापडासाठी त्याची ख्याती होती, आणि सरकारी गॅझेटियरने येथे रंगाऱ्यांची सुमारे अडीचशे कुटुंबे नोंदली आहेत. शेजारच्या यावलला देशी कागद आणि नीळ तयार होत असे. आलीची मुळी आणि नीळ ह्या त्या काळच्या रंगाऱ्याच्या दोन पुंज्या. १८६८ नंतर जर्मन रसायनशाळांतून तांबडा रंग आणि १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात येऊ लागली, आणि हिंदुस्थानातील अशा शेकडो भट्ट्यांचा कणा मोडला. कोणी युद्ध पुकारले नव्हते, कोणी कायदा केला नव्हता. अशी मरणे इतिहासात सहसा नोंदली जात नाहीत.

शेतकऱ्यांनी मात्र आपली नोंद करवून घेतली. १८५२ साली नवी महसुली मोजणी सुरू झाली तेव्हा सारा वाढेल या भयाने हा मुलूख खवळून उठला. सावद्याला दहा ते पंधरा हजारांचा जमाव जमला. लष्कर आल्यावरच तो पांगला, आणि ५९ पुढाऱ्यांना पकडण्यात आले. सत्तावनच्या उठावाच्या पाच वर्षे आधीची ही घटना आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांनी तिची उपेक्षा केली, हे मला अन्यायाचे वाटते.

त्याच मातीत १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. राष्ट्रसभा खेड्यात गेली पाहिजे हा गांधीजींचा आग्रह होता. शंकरराव देव यांनी महाराष्ट्राच्या वतीने भार उचलला, खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांच्यासारख्यांनी गावोगाव खपून माणसे उभी केली. उभारलेल्या नगराला ‘टिळकनगर’ हे नाव मिळाले. त्याची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी बांबू, गवत, खादी अशा गावच्या वस्तूंतून केली. २५ डिसेंबरला, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी, गांधीजी तेथील प्रदर्शनाच्या मैदानावर बोलले. २७ व २८ तारखांना अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंच्या नेतृत्वाखाली अधिवेशन झाले. ध्वजारोहणाच्या वेळी झेंडा मध्येच अडकला, आणि शिरपूरच्या किसनसिंग राजपूत या तरुणाने उंच खांबावर चढून तो मोकळा केला, ही हकीकत खानदेशात आजही आवडीने सांगितली जाते.

परंतु मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्याच सुमारास प्राध्यापक एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली किसान सभेचेही अधिवेशन फैजपुरात झाले, आणि त्यासाठी पाचशेहून अधिक शेतकरी मनमाडहून दोनशे मैल पायी चालत आले. सारा व खंड कमी करावा, कर्जाचा बोजा हलका करावा, शेतमजुराला पोटभर मजुरी मिळावी, अशा मागण्यांचा शेतीविषयक कार्यक्रम काँग्रेसने येथे मान्य केला. चौऱ्यांशी वर्षांपूर्वी ज्या प्रश्नासाठी सावद्याला लष्कर बोलवावे लागले होते, तोच आता राष्ट्रसभेच्या ठरावात आला. पुढचे अधिवेशन १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुरा येथे भरले, तेही तापीच्याच काठी, ही एक मौजेची गोष्ट.

स्वातंत्र्यानंतर धनाजी नानांच्या नावाने १९६१ साली येथे महाविद्यालय निघाले. साखर कारखाना, अभियांत्रिकी महाविद्यालय अशी भर पडत गेली. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. ह्या काळात शिवाराचा रंगच पालटला: कापूस, ज्वारी मागे सरून केळीने जमीन व्यापली. सावद्याच्या स्थानकातून केळी उत्तर हिंदुस्थानात जाऊ लागली आणि २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. पैसा आला, पक्की घरे आली, मुले शिकली. केळीला मात्र बारमाही पाणी लागते. मोट गेली, विहिरीवर विजेचे पंप आले, मग कूपनलिका आल्या, आणि त्या खोल खोल जात राहिल्या. यावल व रावेर हे तालुके आज भूजलाचा अतिउपसा झालेले म्हणून सरकारदप्तरी गणले जातात. ठिबक सिंचनाने पाणी वाचले हे खरे, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लागली, हेही खरे.

आता उपाय पुन्हा त्या गोट्यांच्या थराकडे वळला आहे. तापीचे पावसाळ्यातील वाहून जाणारे पाणी पायथ्याच्या पट्ट्यात नेऊन जिरवावे, ही महापुनर्भरणाची कल्पना कित्येक वर्षे कागदावर होती. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन राज्यांनी तिच्यावर करार केला. खोल पात्रातून शेजारून निघून जाणारी नदी फैजपूरच्या विहिरींना अशा रीतीने प्रथमच मिळावयाची आहे. तोपर्यंत येथला शेतकरी दर उन्हाळ्यात कूपनलिकेत दोर सोडून पाणी किती खाली गेले ते पाहतो आहे.